दहाव्या रकान्यातलं पाणी

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला देवळीच्या कॉलेजात साध्या पाण्यात बोंडअळी मारणारा जनुक सापडला. तसा तो गेले दहा-बारा दिवस सापडतच होता. पण फलकावर नोटीस लागली ती त्या सकाळी, आणि नोटीस लागेपर्यंत या कॉलेजात कुठलीच गोष्ट घडलेली नसते.

नोटीस अशी होती: ‘बी.एस्सी. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी कु. दीपमाला थूल हिने प्रकल्पात दूषित पाणी वापरल्याचे आढळल्यामुळे तिचा मॉलिक्युलर जेनेटिक्सचा प्रकल्प रद्द समजावा. याबाबत चौकशी समिती नेमण्यात येत आहे.’ खाली विभागप्रमुख डॉ. प्रफुल्ल हिवसे यांची सही.

आधी शिक्षा आणि मग चौकशी, हा क्रम धुरपता वासनिक यांना नवा नव्हता. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. या काळात त्यांनी आठ चौकश्या केल्या होत्या. स्नेहसंमेलनातून माईक कोणी नेला, परीक्षेच्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे कोणी सारलं, प्राणिशास्त्राचा सांगाडा मुलींच्या कॉमन रूममध्ये कसा पोचला, असल्या. दर वेळी त्यांनी खरं काय ते शोधून काढलं, दर वेळी ते कोणाला आवडलं नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच नेमलं.

कागदावर समिती तिघांची होती. गणिताचे सर पेपर तपासायला नागपूरला गेलेले. इंग्रजीच्या सरांची कंबर समितीचं नाव ऐकताच धरली. म्हणजे समितीत अध्यक्ष, सदस्य आणि चहा सांगणारी अशा तिन्ही जागांवर एकट्या वासनिक मॅडम. प्राचार्यांनी त्यांना बोलावून, समोरचा पंखा स्वतःकडे वळवून घेत, अहवाल शनिवारी दुपारपर्यंत पाहिजे म्हणून सांगितलं.

इतकी घाई कशाची, असं मॅडमनी विचारलं. तेव्हा कळलं की या मुलीची हैदराबादच्या एका संस्थेत एम.एस्सी.ला निवड झाली आहे. सगळ्या राज्यातून चौघंच निवडली गेली, त्यातली ही एक. प्रकल्प पूर्ण झाल्याचा विभागाचा दाखला शनिवारी पाच वाजेपर्यंत तिकडे पोचला नाही, तर जागा पुढच्या नावाला जाणार.

“आणि हे नोटीस लावायच्या आधी कोणाच्या लक्षात आलं नाही?” मॅडमनी विचारलं.

प्राचार्य म्हणाले की आलं होतं, पण तोवर नोटीस टाइप झाली होती.

२

दीपमाला नाचणगावहून बसनं येत असे. बारीक, सरळ भांग, आणि बोलण्याआधी एक श्वास घेण्याची सवय. ती रडत नव्हती, हे पाहून मॅडमना हायसं वाटलं. रडणाऱ्या माणसाची चौकशी दुप्पट वेळ खाते.

मॅडमनी आधीच सांगून टाकलं, की मी मेंडेलच्या वाटाण्यांवर थांबलेली बाई आहे, त्यापुढचं मला पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं सांग. दीपमालानं खरंच तसं सांगितलं. बाजारातून कपाशीच्या बियाण्याची आठ पाकिटं घेतली. प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं, की यात बोंडअळी मारणारा जनुक आहे. तो खरंच आहे का, हे तिला पाहायचं होतं. बियांतून डीएनए काढायचा. पीसीआर नावाच्या मशीनमध्ये घालायचा. जनुक असेल तर मशीन त्याच्या लाखो नकला करतं, नसेल तर काहीच करत नाही. मग ते सगळं जेल नावाच्या पारदर्शक वडीवर चढवायचं. वडीला दहा रकाने. पहिल्यात मोजपट्टी म्हणून ठरावीक लांबीचा डीएनए, मधल्या आठांत आठ पाकिटं, आणि दहाव्यात नुसतं पाणी. वडी अतिनील दिव्याच्या काचेवर ठेवली, की जिथं नकला असतील तिथं नारिंगी रेघ चमकते.

“पाणी कशाला?” मॅडमनी विचारलं.

“साक्षीदार म्हणून, मॅडम. त्यात बाकी सगळं तेच टाकते, फक्त बियांचा डीएनए नाही. तो रकाना कोरा राह्यला तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.”

आणि तो कोरा राहत नव्हता. दीपमालानं चार फोटो टेबलावर मांडले. पहिला सरावाचा, एका सोमवारचा. त्यात चारच पाकिटं होती, पण पाणी दहाव्याच रकान्यात, आणि तो रकाना स्वच्छ. पुढचे तीन मात्र पूर्ण आठ पाकिटांचे, आणि तिन्हीत पाण्याच्या रकान्यात ठसठशीत रेघ.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला. चौतीस वर्षं पानांच्या कडा काढायला शिकवलेली नजर होती. बाकीच्या रेघा खडूच्या तुकड्यासारख्या सरळ. पाण्यातली रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला शेपटीसारखी निमुळती. शिवाय इतरांपेक्षा जराशी वर. हे सरांना दाखवलंस का, असं त्यांनी विचारलं. दीपमालानं दाखवलं होतं. सर म्हणाले होते, थोडं वर-खाली चालतं.

“पाणी बदललंस?”

“दोनदा. पयले लॅबचं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं घेतलं. तिसऱ्या वेळी मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याची काचेची कुपी आणली. सीलबंद. मीच फोडली, मीच टाकली, तोवर कोणाच्या हातात दिली नाही.”

“आणि?”

“रेघ तिथंच होती, मॅडम.”

३

डॉ. हिवसे यांच्या खोलीत नियम फार होते. भिंतीवर क्रमांक टाकून लावलेली परिपत्रकं होती, आणि खोलीत शिरणारा माणूस बसण्याआधी ती वाचतो अशी त्यांची समजूत होती. परिपत्रक चार: जेल दर वेळी काचेच्या डाव्या कोपऱ्याला टेकवूनच ठेवावे. परिपत्रक सात: अतिनील दिवा विनाकारण, म्हणजे जेल नसताना, लावू नये. परिपत्रक नऊ: फोटोत जेलबाहेरचा भाग दिसल्यास पाच गुण वजा. परिपत्रक अकरा: प्रयोगशाळेत दसऱ्याला अगर इतर वेळी यंत्रांची पूजा करू नये, हे विज्ञानाचे मंदिर आहे.

शेवटच्या वाक्यात काहीतरी गडबड आहे असं मॅडमना वाटलं, पण ती चौकशी त्यांना नेमून दिलेली नव्हती.

सर माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला शंका येत नसे. त्यांनी मॅडमना समजावलं की पाण्यात जनुक दिसतो याचा अर्थ पाण्यात जनुक गेला. मॅडमनी विचारलं, की सगळ्यांना लागणाऱ्या मिश्रणातच तो पडला असेल तर? सर हसले. तसं असतं तर आठही पाकिटांत रेघ आली असती. पण तीन पाकिटं तर कोरी आहेत. म्हणजे घाण पाण्याच्याच नळीत पडली, आणि ती नळी फक्त मुलगी हाताळत होती.

“सोप्या भाषेत सांगतो, मॅडम. तिच्या हातून पाणी बाटलं.”

मॅडमचं पेन थांबलं. सर वैज्ञानिक असल्यामुळे त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली वेळ टाकली आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. ही तीन कोरी पाकिटं कुठल्या दुकानातली?

सरांनी दार लोटलं. ती बंडूजींच्या कृषी केंद्रातली होती. बंडूजी कॉलेजच्या संचालक मंडळावर होते. आणि दीपमालाच्याच वर्गातला अंकित हा त्यांचा सख्खा पुतण्या, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा.

“हे तुम्ही नोटिशीत लिहिलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले की नोटिशीत जागा नव्हती.

४

बंडूजींचं दुकान बसस्टँडसमोर होतं. मॅडम जेवणाच्या सुट्टीत उन्हातून तिथं गेल्या, कारण बंडूजींना कॉलेजात बोलावलं तर चहा, शाल आणि नारळ आणावा लागला असता. वाटेत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की हा माणूस आधी आपल्याला ओळखणार नाही, मग ओळखेल, मग धमकी देईल.

बंडूजींनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि विचारलं, की त्या पोरीचा कागद कधी मिळते.

मॅडमनी सावधपणे म्हटलं, की त्या कागदात तुमच्या दुकानातली तीन पाकिटं खोटी निघाली आहेत.

“तेच त मले पाहिजे. मांगच्या हंगामात गिऱ्हाईकानं माया दारात येऊन मायबहीण काढली. मी कंपनीच्या मानसाले म्हनलं, तुयं बी खोटं हाय. तो म्हने, सबूत दाखवा. आता सबूत भेटला, त तुमी म्हनता पोरीचं पानी खराब! मॅडम, मी काय करू, सांगा बरं?”

एक धडधाकट हेतू असलेला संशयित अर्ध्या तासात हातचा गेला होता, आणि जेवायचं सोडून त्या उन्हात आल्या होत्या. परतताना त्यांना बंडूजींनी उसाचा रस पाजला. तो त्यांनी रागारागानं प्यायला.

अंकितला त्यांनी दुपारी बोलावलं. तो हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला फार लवकर कळलं होतं. काकांसाठी तू तिच्या पाण्यात काही टाकलंस का, असं मॅडमनी सरळच विचारलं.

“मॅडम, मले काकाले वाचवाचंच असतं, त मी त्या तीन कोऱ्या पाकिटांत जनुक टाकला असता. तिघं पास झाले असते. पाण्यात टाकून मले काय भेटलं? सगळेच नापास.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आन् ते इंजेक्शनवालं पाणी तिनं माया समोर फोडलं. त्यात त मंत्र म्हणूनच काही घालता आलं असतं.”

पोरगा उद्धट होता, पण चुकत नव्हता. मॅडम आणखीच वैतागल्या. चौकशीत खरं बोलणारी माणसं एकापाठोपाठ एक यायला लागली, की गुन्हा उरतो आणि गुन्हेगार संपतात.

केवळ काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी अंकितच्या स्वतःच्या प्रकल्पाचे फोटो मागितले. तो तुरीच्या वाणांवर काम करत होता. जेल महाग म्हणून तो सहा रकान्यांची अर्धी वडी वापरी. फोटो नीटनेटके होते, पण अरुंद, बुकमार्कसारखे. उजवीकडची बाजू कापलेली.

“हे इतके उभे का कापलेस?”

“परिपत्रक नऊ, मॅडम,” अंकित म्हणाला. “जेलच्या बाहेर काही दिसलं का पाच मार्क गेले.”

“आणि जेलच्या बाहेर काय दिसत होतं?”

अंकितनं खांदे उडवले. काचेवर काहीतरी चमकत होतं, म्हणाला. पण जेलच्या बाहेरचं काही आपल्या अभ्यासक्रमात नाही.

५

मॅडमनी त्याच्याकडून मूळ फोटो मोबाइलवर मागवला, आणि दोन बोटांनी ताणून मोठा केला.

डावीकडे अंकितची अर्धी वडी, तिच्यात सहा रकाने, सगळं नियमाप्रमाणे. वडी संपते. त्यापुढे नुसती काच. आणि त्या नुसत्या काचेवर, जिथं जेल नाही, पाणी नाही, पाकीट नाही आणि दीपमालाही नाही, तिथं एक नारिंगी रेघ. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती.

त्यांनी दीपमालाचा फोटो शेजारी धरला. पूर्ण वडी ठेवली असती, तर ती रेघ बरोबर दहाव्या रकान्यात आली असती. परिपत्रक चारनुसार वडी रोज त्याच कोपऱ्याला टेकत होती, म्हणून रेघही रोज त्याच रकान्यात येत होती. परिपत्रक सातनुसार रिकाम्या काचेवर दिवा कोणी लावत नव्हतं, म्हणून ती कोणाला दिसली नाही. ज्याला दिसली त्यानं परिपत्रक नऊनुसार ती कापून टाकली. एका निरपराध पोरीला अडकवायला तीन परिपत्रकं खपली होती, आणि एकाही माणसाला खोटं बोलावं लागलं नव्हतं.

मॅडमनी डोकं दोन्ही हातांत धरलं. अंकितला वाटलं, त्यांना ऊन लागलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं: सर, प्राचार्य, दीपमाला, अंकित आणि प्रयोगशाळा सहायक राकेश. दिव्याच्या टेबलाशी उभं राहून त्या म्हणाल्या, की जेल न ठेवता दिवा लावा. सरांनी परिपत्रक सातकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या की ते मी वाचलंय, आता दिवा लावा.

राकेशनं पडदे ओढले. संरक्षक झाकण खाली घेतलं. बटण दाबलं. दिवा लागला नाही. राकेशनं टेबलाला गुडघ्यानं एक धक्का दिला, तेव्हा लागला.

जांभळ्या उजेडात रिकाम्या काचेवर ती रेघ चमकत होती.

अंकितनं दीपमालाकडे पाहिलं. ती रेघेकडे पाहत होती. दोन वेळा बदललेलं पाणी आठवत असावी.

दिवा बंद झाल्यावर मॅडमनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून काचेवर त्या जागी जोरात घासला. दिवसाच्या उजेडात काच स्वच्छच दिसत होती, बारीक ओरखडे तेवढे होते. बोळा मात्र गुलाबी झाला. त्यांनी दिवा पुन्हा लावायला सांगून तो काचेवर धरला. बोळा निखाऱ्यासारखा पेटून उठला.

“हे काय आहे?” प्राचार्यांनी विचारलं.

“कुंकू,” मॅडम म्हणाल्या. “बाजारातलं स्वस्त, रंग घातलेलं. खालून वर ओढलेलं एक बोट आहे ते. सुरुवातीला जाड, शेवटी निमुळतं. पुसून घेतलंय, पण रंग ओरखड्यांत बसला. चौतीस वर्षं मी दर दसऱ्याला या कॉलेजात कपाटांना, खुर्च्यांना आणि कॉम्प्युटरला लागलेलं पाहतेय.”

सगळ्यांच्या माना राकेशकडे वळल्या.

६

राकेश अडतिसाव्या वर्षीच थकलेला माणूस होता. विज्ञानाच्या मंदिरात पूजाबंदीचं परिपत्रक निघालं, तेव्हा त्यानं आठ दिवस अन्नपाण्यावाचून काढल्यासारखं तोंड केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सरांनी लगेच मोकळा श्वास घेतला आणि परिपत्रक अकराचा भंग हा किती गंभीर प्रकार आहे ते सांगायला सुरुवात केली.

“मी नाई लावलं जी,” राकेश म्हणाला. “माया हातनं झालं असतं त सांगतलं असतं. कुकू लावनं काई चोरी नाई. मी त लगनाले गेलतो.”

सर म्हणाले की गुन्हेगार असंच म्हणतो.

मॅडमनी सरांना बसायला सांगितलं. मग पिशवीतून एक लांबट वही काढली. ती चावी नोंदणीची वही होती. सरांच्याच परिपत्रक दोनमुळे सुरू झालेली. आणि तिच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं, कारण नोंद केली की काम झालं अशी इथली पद्धत.

“सोमवारच्या जेलमध्ये पाणी स्वच्छ आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्याच आठवड्याच्या शुक्रवारी त्यात रेघ आली. म्हणजे बोट लागलं ते त्या दोन जेलांच्या मध्ये. राकेश सोमवारी दुपारीच मेव्हणीच्या लग्नाला आर्वीला गेला. शनिवारी आला. रजेचा अर्ज आहे, मंजुरी आहे, प्राचार्यांची सही आहे. तेव्हा राकेश नाही.”

राकेशनं प्रथमच मान वर केली.

“या मधल्या दिवसांत खोली दोनदाच उघडली. शुक्रवारी दुपारी दीपमालानं चावी घेतली. आपल्याच प्रयोगावर आपणच कुंकू लावून ती हैदराबादची जागा घालवेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.”

कोणी केला नाही. सरांचा हात थोडा हलला, पण तो चष्म्याकडे गेला.

“उरला बुधवार. कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती आली तो दिवस. समिती दहाला आली. चावी मात्र आठ चाळीसला घेतलेली आहे.”

प्राचार्यांनी विचारलं की कोणी घेतली. मॅडमनी वही त्यांच्याकडे सरकवली. प्राचार्यांनी पाहिलं, आणि वही हळूच सरांकडे सरकवली.

सरांनी आपली सही ओळखली. परिपत्रकांवर असते तशीच होती ती, खाली दोन रेघा ओढलेली. समितीतल्या कोणीतरी लावलं असेल, असं ते पुटपुटले. नागपूरहून मूल्यांकनाला आलेली माणसं खिशात कुंकवाची पुडी घेऊन फिरतात का, असं मॅडमनी विचारलं. सरांनी टाय सैल केला.

“दिवा लागत नव्हता, मॅडम. चारदा बटण दाबलं. समिती येणार, साडेचार लाखांचं यंत्र, आणि दिवा नाही. राकेश रजेवर. आईनं सकाळी पुडी दिली होती बरोबर. मी म्हटलं, कोण पाहतंय. एक बोट लावलं. उदबत्ती नाही लावली, धूर होतो म्हणून.”

“मग?”

“नमस्कार केला. कपाळ टेबलाला लागलं. आणि दिवा लागला.”

राकेश खोकला. “त्याचा पिलग ढिला हाय, सर. टेबलाले धक्का बसला का लागते. दोन सालापासून सांगून राह्यलो मी.”

सरांनी समिती यायच्या आत काच ओल्या फडक्यानं पुसली होती. दिवा लागल्याचा आनंद, आणि कोणी पाहिलं नाही याचाही. पुढे त्यांच्याच काचेवरची त्यांचीच रेघ दीपमालाच्या फोटोत दिसली, तेव्हा ती आपली असेल अशी शंका त्यांना आली नाही. कारण ती पाण्याच्या रकान्यात होती, आणि पाणी मुलीचं होतं.

दीपमालानं श्वास घेतला आणि स्पिरिटची बाटली उचलली.

७

यानंतर सगळं सोपं व्हायला हवं होतं, म्हणून झालं नाही.

काच स्पिरिटनं घासून दीपमालानं त्याच दुपारी जेल पुन्हा चालवलं. पाच पाकिटांत रेघा, बंडूजींची तीन कोरी, आणि दहावा रकाना कोरा करकरीत. सरांनी दाखल्यावर सही केली, प्राचार्यांनी शिक्का मारला, तिनं तो लगेच हैदराबादला पाठवला आणि पोचल्याचं उत्तरही आलं. प्राचार्य म्हणाले, झालं तर मग, अहवालात ‘तांत्रिक अडचण’ लिहा आणि विषय मिटवा. फलकावरची नोटीस राकेश काढून टाकेल.

मॅडमना पाचची बस मिळत होती. त्यांनी पिशवी उचललीही.

“मॅडम,” दीपमाला म्हणाली, “नोटीस नुसती काढू नका.”

ती पुढे बोलली ते हळूच, पण अडखळली नाही. दाखला मिळाला ते चांगलंच झालं. पण दोन दिवस त्या फलकावर तिच्या नावापुढे दूषित पाणी लिहिलेलं होतं. नाचणगावच्या बसमधल्या पोरींनी ते वाचलं, कँटीनमध्ये त्यावरून बोलणं झालं, एक जण तिच्या बाटलीतलं पाणी नको म्हणाली, हसत हसत. नोटीस काढली तर ते सगळं तसंच राहील. जिथं ती लावली, तिथंच दुसरी लागली पाहिजे.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सर म्हणाले की एवढंच ना, आत्ता लिहितो.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली.

सरांनी लिहिलं: ‘फेरतपासणीत पाणी समाधानकारक आढळले.’ मॅडमनी कागद परत केला. समाधानकारक म्हणजे पस्तीस मार्क, म्हणाल्या. सरांनी दुसरा कागद घेतला: ‘तांत्रिक कारणामुळे पाण्याविषयी गैरसमज निर्माण झाला होता.’ मॅडमनी विचारलं की गैरसमज आपोआप निर्माण झाला का, बुरशीसारखा. तिसऱ्या कागदावर ‘बहुधा’ होतं. ते खोडलेलं चालणार नाही, कागद नवा घ्या, असं त्यांनी सांगितलं. बाहेर पाचची बस आली, दोन हॉर्न देऊन निघून गेली. वर्ध्यात उतरून बोरगाव मेघेला घरी पोचायला आता आणखी एक तास जाणार होता. मॅडम खुर्चीत नीट टेकून बसल्या.

सरांनी कपाळ पुसलं. “कुंकवाचं लिहायलाच हवं का, मॅडम? आईचंही नाव निघेल. कॉलेजात काय तोंड दाखवू?”

मॅडमनी थोडा विचार केला. नोटिशीत लिहू नका, म्हणाल्या. अहवालात मी लिहीन, तो प्राचार्यांशिवाय कोणी वाचत नाही, आणि प्राचार्यही वाचत नाहीत. पण नोटिशीत पाणी पाहिजे. आणि ते कोणाचं होतं, तेही पाहिजे.

चौथ्या कागदावर सरांनी लिहिलं: ‘कु. दीपमाला थूल हिचे पाणी पहिल्यापासून स्वच्छ होते. चूक माझी होती.’ शेवटचं वाक्य कोणी सांगितलेलं नव्हतं. ते लिहून झाल्यावर सर स्वतःच त्याच्याकडे जरा बघत राहिले. मग सही केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि दीपमालाकडे न बघता कागद तिच्या हातात दिला.

फलक जिन्याजवळ होता. राकेशनं जुनी नोटीस काढली, तिच्याच टाचण्या तोंडात धरल्या, आणि नवा कागद पहिलीच्या जागी, वरच्या रांगेत लावायला हात वर केला.

“खाली लावा ना, राकेशदादा,” दीपमाला म्हणाली.

“काऊन? वरतं सगळ्याईले दिसते.”

“सोमवारी माय येऊन राह्यली पाहाले. ठेंगणी आहे ती. टाचा उचलून नाही वाचलं पाहिजे तिनं.”

राकेशनं कागद दोन वीत खाली घेतला. मॅडमनी मागे उभं राहून पाहिलं, आणि डावी बाजू वर झाली आहे, सरळ लाव, असं त्याला वैतागून सांगितलं.